रेससाठी नायट्रो आरसी गाडी घेताय? स्पीड राहू द्या, आधी फ्लायव्हील हाताने फिरवून बघा

दर दिवाळीनंतर कोणीतरी विचारतंच, दादा नायट्रो (नायट्रोमिथेन मिसळलेल्या फ्युएलवर चालणारी रिमोटची छोटी गाडी) घ्यायचीय, सगळ्यात फास्ट कुठली? मी आधी एवढंच विचारतो की वीस मिनिटं सलग चालणारी पाहिजे ना? कारण रेसमध्ये गाडी मध्येच फ्लेमआऊट झाली, म्हणजे इंजिन विझलं, की कोणीतरी पळत जाऊन ती उचलणार, पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी) आणणार, परत चालू करणार, तेवढ्यात बाकीचे दोन-तीन लॅप पुढे गेलेले असतात आणि ते लॅप तुमची गाडी सरळ रस्त्यावर कितीही पळाली तरी परत मिळत नाहीत. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं बंद न पडणारी गाडी कशी ओळखायची याबद्दल आहे.

पहिलं म्हणजे क्लास ठरवा. रेस करायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे, १/८ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या आठव्या भागाएवढी, ऑफरोड बगी घ्या. जगभर या क्लासला इंजिन ३.५ सीसीपर्यंत आणि टाकी १२५ सीसीपर्यंत असा नियम आहे, त्यामुळे सुटे भाग, टायर, सेटअपची माहिती सगळं भरपूर मिळतं. आणि आपल्याकडे गुळगुळीत डांबरी ट्रॅक कुठून आणणार, मुरमाचा मोकळा प्लॉट मिळाला तरी नशीब, तिथे बगीच चालते. १/१० ची स्वस्त आरटीआर, म्हणजे बॉक्समधून काढली की चालवा अशी पुलस्टार्टवाली (दोरी ओढून चालू होणारी), ती ट्यूनिंग शिकायला चांगली आहे, माझीपण सुरुवात तशीच झाली, पण रेसच्या माराला तिचे गिअर आणि सस्पेन्शन आर्म टिकत नाहीत. माझ्या पहिल्या गाडीचा एक डॉगबोन (चाक फिरवणारा दांडा) तुटला आणि तो यायला दीड महिना लागला, अख्खी थंडी गाडी कपाटावर पडून होती. तेव्हापासून मी आधी स्पेअर शोधतो आणि मग गाडी.

म्हणजे कसं, तर गाडी आवडली की लगेच पैसे देऊ नका. तिचे फ्रंट आर्म, डॉगबोन, स्पर गिअर, क्लच शू, शॉक शाफ्ट हे पाच पार्ट भारतात कोणाकडे आत्ता स्टॉकमध्ये आहेत का ते फोन करून विचारा. ऑर्डर केल्यावर येतील असं उत्तर आलं तर ते नाही असं धरा. नवीन किट (स्वतः जोडायची गाडी) घ्यायचं बजेट असेल तर क्योशो इन्फर्नो, मुगेन एमबीएक्स, एक्सरे एक्सबी८, असोसिएटेड आरसी८ यातली कुठलीही घ्या, चारही रेसमध्येच घडलेल्या गाड्या आहेत, त्यांच्यात उगाच भांडण लावायला जाऊ नका, तुमच्या बरोबर चालवणाऱ्यांकडे जी आहे ती घ्या म्हणजे रेसच्या दिवशी आर्म तुटला तर शेजारच्या पिटमधून मिळेल. बजेट कमी असेल तर मागच्या पिढीची क्योशोची एमपी९ किंवा मुगेनची एमबीएक्स७ सेकंडहँड, नीट वापरलेली असेल तर नव्या स्वस्त आरटीआरपेक्षा शंभरदा बरी. आणि बॉक्समधूनच चालवायची असेल तर क्योशोचीच इन्फर्नो निओ, ती त्यांच्या जुन्या एमपी ७.५ वर बेतलेली आहे, सस्पेन्शनचा साचा रेसचा आहे.

आता इंजिन, कारण बंद पडण्याची निम्मी कारणं इथेच असतात. नाशिकला सातपूरच्या ज्या बॉश कंपनीला आपल्याकडची जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात तिथे ज्यांच्या घरातलं कोणी डिझेल इंजिनच्या नोझलवर काम करून रिटायर झालंय त्यांना फिटिंग म्हणजे काय हे सांगायला नको. गाडीच्या नायट्रो इंजिनला सहसा पिस्टन रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह, आतून क्रोम, आणि ती स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित अरुंद. थंड असताना पिस्टन वर आला की आवळतो, गरम झालं की स्लीव्ह पसरते आणि बरोबर फिट बसतं, त्या आवळण्यालाच पिंच म्हणतात. सेकंडहँड घेताना इंजिन थंड असताना, ग्लो प्लग (फ्युएल पेटवणारा, तापलेल्या तारेचा प्लग) लावलेला असताना फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक, हाताने फिरवा, पिस्टन वर आल्यावर चांगलं अडकलं पाहिजे. अगदी सहज गर्रकन फिरलं तर ते इंजिन संपत आलंय. विकणारा आधीच गरम करून ठेवेल, म्हणून हात लावून बघा आणि गरम असेल तर सरळ चहा प्यायला जा, अर्ध्या तासाने या. मग चालू करायला सांगा, दहा मिनिटं पळवा, मुद्दाम बंद करा आणि लगेच परत चालू करायला सांगा. गरम असताना परत चालू झालं नाही तर कॉम्प्रेशन गेलंय, मग तो किती कमीला देतो ते ऐकूपण नका.

कनेक्टिंग रॉडपण बघायचा. प्लग काढून वरून लाकडी काडी पिस्टनवर हलकी टेकवा आणि फ्लायव्हील थोडं पुढेमागे हलवा, फ्लायव्हील हलतंय आणि काडी हलतच नाही असा मोकळा टप्पा जाणवला तर रॉड झिजलाय. रॉड तुटला तर पिस्टन, स्लीव्ह, क्रँककेस सगळं घेऊन जातो.

नवीन इंजिन घेताना पहिलं इंजिन म्हणून ओएस घ्या असं मी कोणालाही सांगेन, जपानची ही कंपनी १९३६ पासून मॉडेल इंजिन बनवतेय आणि त्यांचं कार्ब्युरेटर एकदा सेट झालं की दिवसभर फार त्रास देत नाही. जास्त पोर्टवाल्या (स्लीव्हमध्ये फ्युएल-हवा आत यायची जास्त भोकं असलेल्या) इंजिनच्या मागे लागू नका, तीन पोर्टचं फ्युएल कमी पितं, खालून स्मूथ ओढतं आणि लांब रेसला एक पिटस्टॉप वाचला तर तो कुठल्याही हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे.

पुष्कळ जण नीडल (फ्युएल किती जाईल ते ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) फिरवून फिरवून वैतागतात आणि खरा प्रॉब्लेम हवा लीक असतो. टाकी गाडीतून काढा, एक नळी बोटाने बंद करा, दुसरीतून तोंडाने फुंका आणि टाकी पाण्याच्या बादलीत धरा. झाकणाकडून बुडबुडे आले तर ओ-रिंग गेलीय, टाकीत प्रेशर टिकत नाही, आणि मग गाडी टाकी अर्धी झाली की लीन (फ्युएल कमी, हवा जास्त) होऊन बंद पडते. कार्ब्युरेटरच्या मानेजवळ आणि मागच्या प्लेटजवळ तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिथूनपण गळती आहे असं समजा. ओ-रिंग स्वस्त आहे, बदलता येते, पण त्या मालकाने गाडी अशीच लीन पळवली असेल तर आतलं नुकसान झालेलं आहे.

एअर फिल्टर. आपली काळी माती सुकल्यावर पिठासारखी होते आणि मुरमाची धूळ तर पॉलिश पेपरसारखी, फिल्टरमधून ती आत गेली की दोन टाक्यांत पिंच गायब. दोन थरांचा फोम असलेला फिल्टर पाहिजे, फोमला फिल्टर ऑइल लावलेलं पाहिजे, कोरडा फोम म्हणजे फिल्टर नाहीच. सेकंडहँड गाडीचा फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पांढरा कपडा फिरवा, माती लागली तर गाडी तिथेच ठेवा.

बाकी चॅसी टेबलच्या काचेवर ठेवून बघा, डुगडुगली तर वाकलीय. चाकं उचलून प्रत्येक डिफ (डिफरन्शियल) हाताने फिरवा, करकर नको. क्लच बेल (क्लचवरची वाटी) हलवून बघा, तिची बेअरिंग सगळ्यात आधी जातात, पण यात नाशिकवाल्यांचं बरं आहे, बहुतेक १/८ गाड्यांत क्लच बेलला ५ बाय १० बाय ४ मिमी आणि डिफला ८ बाय १६ बाय ५ मिमी बेअरिंग असतात, जुनं बेअरिंग घेऊन अंबड-सातपूरच्या बेअरिंगच्या दुकानात विचारा, साइज मिळाली तर आरसीच्या नावाने घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. क्लचला मात्र चांगल्या प्रतीचंच घ्या, तिथे खूप गरम होतं.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये एका गोष्टीवर मी अडून बसतो, फेलसेफ. सिग्नल गेला की रिसीव्हरने थ्रॉटल बंद करून ब्रेक लावलाच पाहिजे. इंजिन बंद ठेवून रिमोट ऑफ करा आणि कार्ब्युरेटर मिटतंय का बघा. रिसीव्हरची बॅटरी मेली तर फेलसेफपण मरतो, म्हणून कार्ब्युरेटरला रिटर्न स्प्रिंगसुद्धा पाहिजे. तीन-साडेतीन किलोची गाडी फुल थ्रॉटलला सुटली तर माणसाचा पाय मोडतो, आणि आपल्याकडे बघायला लहान पोरं अगदी ट्रॅकच्या कडेला उभी असतात. स्टिअरिंग सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) मेटल गिअरचा, १५ किलो-सेंमी टॉर्कच्या आसपासचा घ्या. पुलस्टार्टऐवजी स्टार्टर बॉक्स (गाडी वर ठेवून इंजिन फिरवणारी मोटरची पेटी) घ्या, दोरी आणि वन-वे बेअरिंग हमखास ऐन वेळी दगा देतात.

गाडीच्या पैशातच फ्युएल, दोन-चार जास्तीचे ग्लो प्लग, इग्नायटर (चालू करताना प्लग तापवणारा) आणि टेंपरेचर गन धरा. फ्युएल २५ टक्के नायट्रोचं, एकाच ब्रँडचं, बदलत राहू नका. डबा घट्ट बंद, कारण त्यातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. ते विषारी आहे आणि त्याची आग उन्हात दिसत नाही, घरात पोरं असतील तर कुलपात ठेवा. नवीन इंजिनच्या पहिल्या पाच-सहा टाक्या रिच (फ्युएल जास्त) ठेवून, पण इंजिन गरम ठेवून चालवायच्या, प्लगजवळ साधारण ९५ ते १०५ डिग्री सेल्सियस, नंतर रेसला ११० ते १२५ च्या मध्ये. जानेवारीत सकाळी निफाडकडून गारठा येतो तेव्हा हवा जड असते, म्हणजे तेवढ्याच नीडलवर गाडी लीन होते, हायस्पीड नीडल जराशी उघडा आणि दुपारी ऊन चढल्यावर परत थोडी मिटवा. त्या गारठ्यात चालू करण्याआधी इंजिनचं डोकं हेअर ड्रायरने गरम करून घ्या, रॉडवरचा ताण खूप कमी होतो.

आणि घरी आल्यावर टाकी रिकामी, आतलं उरलेलं फ्युएल इंजिन चालवून संपवायचं, प्लग काढून आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) चार-पाच थेंब, फ्लायव्हील दोन-चार वेळा फिरवून पिस्टन खाली नेऊन ठेवायचा, मगच झोपायचं.