बंद पडून राहिलेलं एचपीएलसी सुरू करताना आधी पाणी

एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र) कित्येक महिने बंद असेल, तर बफरचं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारयुक्त द्रावणाचं) मीठ आत सुकून बसलेलं असतं. अशा वेळी थेट मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल सोडू नका. त्यात मीठ विरघळत नाही, उलट लाइन तुंबते.

१. कॉलम (घटक वेगळे करणारी भरीव नळी) काढून त्या जागी युनियन (दोन नळ्या थेट जोडणारा सांधा) लावा. बाटल्यांमधलं जुनं सगळं फेकून द्या. पाण्यात बुळबुळीत थर दिसला, तर इनलेट फिल्टरही बदला.

२. पर्ज व्हॉल्व्ह (पंपातलं द्रव थेट बाहेर सोडणारी झडप) उघडून ताजं, गाळलेलं कोमट पाणी ओढून घ्या. मग व्हॉल्व्ह बंद करून मिनिटाला ०.२ मिली या वेगाने तासभर चालवा. पंप हेडच्या मागे मिठाची पांढरी पापडी दिसली तर तीही पाण्यानेच धुवा. ती कोरडी खरवडली तर सील आणि पिस्टनवर चरे पडतात.

३. त्यानंतर आयसोप्रोपेनॉल, तेवढ्याच वेगाने, शक्य तर रात्रभर. ते दाट असल्याने दाब वाढतो, म्हणून घाई नको.

नळीतला बुडबुडा पुढे जाऊन परत मागे येत असेल, तर चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) चिकटलाय. नवा मागवण्याआधी तो काढून आयसोप्रोपेनॉलमध्ये दहा-पंधरा मिनिटं सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी स्वच्छ करा). बहुतेकदा तेवढ्यावर काम भागतं.

दाब स्थिर झाल्यावरच कॉलम जोडा.

मात्र यंत्रात शेवटी हेक्झेन वापरलं असेल, तर सुरुवात आयसोप्रोपेनॉलने करा आणि पाणी नंतर. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही.