बाळाची कामं नव्हे, खाती वाटा

वाटणी करायची तर अख्खं काम द्या, तुकडा नको. लसीकरणच घ्या. सहा, दहा, चौदा आठवडे, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. आमच्याकडे हे खातं नवऱ्याचं. तारीख लक्षात ठेवणं, कार्ड शोधणं, सुट्टी टाकणं, रात्री ताप आला तर जागणं, सगळं त्याच्याकडे. मी ‘झालं का?’ असं विचारायचंही नाही. (हे फार जड जातं. तरी तोंड आवरा.)

रविवारी रात्री दोघांच्या शिफ्ट समोर ठेवून बसा. ज्याची सकाळची लोकल लवकरची, त्याने रात्री झोपवायचं; दुसऱ्याने डबा आणि पाळणाघर.

रजेचं आधीच ठरवा. कायद्याने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे मिळतात. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, तेही बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येतात. सगळे बाळंतपणातच उडवायची गरज नाही. तेव्हा घरात आजी असतेच. तिची पाठ फिरली की घ्या.

आणि सासूबाई ‘त्याला कशाला उठवतेस?’ म्हणाल्या, तर उत्तर त्यानेच द्यायचं: ‘आई, मी बघतो.’