लंडनच्या जूनमधल्या शीख स्मरण मोर्चाला जायचंय? मग हे वाचून जा

दरवर्षी मे संपत आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की तो जूनमधला शीख लोकांचा मोर्चा असतो ना, हाइड पार्कपासून ट्रॅफल्गर स्क्वेअरपर्यंत, त्याला आपण मराठी माणसं गेलो तर चालतं का, काय घालायचं, काही गडबड तर होत नाही ना. चालतं, आरामात चालतं. मी मूळचा नांदेडचा, आता हाउन्स्लोला राहतो, आजूबाजूला निम्मी घरं पंजाब्यांची, आणि मला मनापासून वाटतं की आपल्यातल्या लोकांनी एकदा तरी जावं. फक्त नीट माहिती घेऊन जावं, कारण हे नगरकीर्तन नाही. एप्रिलमधे वैशाखीला साउथॉलला जे निघतं ते नगरकीर्तन, तिथं पालखीत गुरु ग्रंथ साहिब असतो, रस्त्यारस्त्यावर पकोडे, जिलबी, सगळा आनंदाचा मामला. जूनचा मोर्चा हा १९८४ च्या सुवर्णमंदिर कारवाईचा आणि त्या वर्षीच्या शीख हत्याकांडाचा दुखवटा आहे आणि निषेध आहे, दोन्ही एकदम.

तारीख म्हणाल तर बहुतेक वर्षी जूनचा पहिला नाहीतर दुसरा रविवार, पण मे महिन्यातच जवळच्या गुरुद्वाऱ्यात नोटिस बोर्डवर पोस्टर लागतं, तेच बघून पक्कं करा, मागच्या वर्षीच्या तारखेवर जाऊ नका. सकाळी अकराच्या आसपास हाइड पार्कात लोक जमायला लागतात, अरदास म्हणजे शिखांची सामूहिक प्रार्थना होते, थोडी भाषणं होतात, मग दुपारी मोर्चा निघतो, पिकाडिलीवरून ट्रॅफल्गर स्क्वेअर, आणि तिथं मोठी सभा. चालायचं अंतर दोनतीन किलोमीटरच आहे पण गर्दीमुळं वेळ लागतो, अख्खा दिवस धरून चाला.

जायच्या आधी अर्धा तास वाचन करा, प्लीज. एवढं तरी माहीत पाहिजे की जून १९८४ च्या पहिल्या आठवड्यात अमृतसरच्या दरबार साहिबात म्हणजे सुवर्णमंदिरात लष्कर घुसलं, ऑपरेशन ब्लू स्टार. जर्नेलसिंग भिंद्रनवाले आणि त्यांचे हत्यारबंद साथीदार आत मोर्चेबंदी करून बसले होते हे खरं, आणि ३ जूनला गुरु अर्जनदेवांचा शहीदी दिवस होता म्हणून साधे भाविक, बायका-पोरं, म्हातारी माणसं मोठ्या संख्येनं आत होती हेही तितकंच खरं. पंजाबात कर्फ्यू, पत्रकारांना बाहेर काढलेलं, रणगाड्यांच्या तोफांनी अकाल तख्त, म्हणजे तिथलंच शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ, मोडलं, शीख रेफरन्स लायब्ररीतली हस्तलिखितं गेली. सरकारच्या श्वेतपत्रिकेत ८३ जवान आणि ४९३ इतर मेले असं आहे, मोर्चात चालणारा कोणीही तुम्हाला सांगेल की मेलेले हजारोंत होते, आणि हा आकड्याचा वाद आजही मिटलेला नाही. अकाल तख्त सरकारनं घाईघाईनं दुरुस्त करून दिलं, तर शिखांनी ते १९८६ मधे पाडलं आणि स्वतःच्या कारसेवेनं म्हणजे श्रमदानानं नव्यानं बांधलं, यावरूनच कळतं की जखम किती खोल होती. आपल्या नांदेडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको, पाच तख्तांपैकी एक आपल्या गावात, गुरु गोविंदसिंगांनी १७०८ मधे तिथंच देह ठेवला, हजूर साहिबवर तोफ लागली असती तर काय झालं असतं एवढा विचार केला तरी पुरे.

मग ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरचे शिखांच्या कत्तलीचे ते तीन दिवस. एकट्या दिल्लीत सरकारी आकडा २७३३, जमावानं मतदार याद्या घेऊन शिखांची घरं शोधली, गळ्यात टायर घालून माणसं जाळली, आणि काँग्रेसच्या सज्जन कुमारला जन्मठेप व्हायला डिसेंबर २०१८ उजाडलं. चौतीस वर्षं. म्हणून तिथं कोणाशी बोलताना 'दंगल' असं म्हणू नका, दंगलीत दोन बाजू असतात, इथं एकच बाजू मरत होती.

आता लोक विचारतात की हे सगळं भारतात झालं तर मोर्चा लंडनमधे कशाला. एक तर इंग्लंड आणि वेल्समधे २०२१ च्या जनगणनेप्रमाणे सव्वापाच लाखाच्या आसपास शीख आहेत, अनेकांच्या घरातलं कोणीतरी त्या काळात गेलंय किंवा जिवाच्या भीतीनं इकडे आलंय. आणि दुसरं म्हणजे जानेवारी २०१४ मधे ब्रिटिश सरकारचे जुने कागद बाहेर आले, त्यात निघालं की १९८४ च्या फेब्रुवारीत एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं भारत सरकारला सुवर्णमंदिराच्या कारवाईबद्दल सल्ला दिला होता. सरकारनं अंतर्गत चौकशी करून संसदेत सांगितलं की त्या सल्ल्याचा परिणाम फारच थोडा झाला, पण शीख संघटनांची मागणी आहे की स्वतंत्र, जाहीर चौकशी करा. ही मागणी त्यांची स्वतःच्या इथल्या सरकारकडे आहे, ती ते लंडनमधे नाही मांडणार तर कुठं मांडणार.

पोचायचं कसं: हाउन्स्लो, हीथ्रोकडून येत असाल तर पिकाडिली लाइननं थेट हाइड पार्क कॉर्नर. साउथॉल, हेझ, स्लाववाल्यांना एलिझाबेथ लाइन पकडून बॉन्ड स्ट्रीट, तिथून चालत जा नाहीतर सेंट्रल लाइननं एकच स्टेशन मार्बल आर्च. रविवारी लाइनी बंद असतात कधी कधी, शनिवारी रात्रीच बघून ठेवा. बर्मिंगहॅम, लेस्टर, डर्बी, वुल्व्हरहॅम्प्टनकडून गुरुद्वाऱ्यांचे कोच सुटतात, तुमच्या इथल्या गुरुद्वाऱ्याच्या ऑफिसात नाव दिलं की झालं, तुम्ही शीख आहात की नाही हे मला तरी कधी कोणी विचारलेलं नाही. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही आणि मिळालं तर खिसा रिकामा.

कपडे साधे. डोकं झाका, बाईमाणसांनी ओढणी, पुरुषांनी केशरी किंवा काळा पटका, नसेल तर सेवादार म्हणजे स्वयंसेवक लोक बहुतेक वेळा रुमाल देतातच, मोठा हातरुमाल असला तरी चालतो. रस्त्यावर डोकं झाकायची सक्ती कोणी करत नाही पण अरदास चालू असताना उघड्या डोक्यानं उभं राहणं बरं दिसत नाही. अरदासला सगळे हात जोडून गप्प उभे असतात, त्या वेळी फोन खिशात. पायात चालायचे बूट. जूनमधे लंडनला ऊन आणि पाऊस एकाच दुपारी येतात म्हणून पातळ रेनकोट ठेवा, छत्री नको, मागच्या माणसाच्या डोळ्यात जाते. सिगारेट, तंबाखू घरी ठेवा, अजिबात म्हणजे अजिबात नाही, शिखांमधे तंबाखू किती वर्ज्य आहे ते नांदेडला ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे.

मोर्चाच्या पुढं पंज प्यारे म्हणजे दीक्षा घेतलेले पाच शीख, निशान साहिब म्हणजे धर्मध्वज, मग संगत म्हणजे बाकीचे सगळे. तुम्ही पहिल्यांदाच जात असाल तर मधे किंवा मागं चाला. मागं म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले, बाबागाडीवाले असतात, चाल हळू असते आणि बोलायला वेळ मिळतो. मागं एकदा माझ्या शेजारून एक बीबीजी चालत होत्या, सत्तरीच्या पुढच्या असतील, छातीशी एक फ्रेम धरलेली, आत ब्लॅक अँड व्हाइट पासपोर्ट फोटो मोठा करून लावलेला, इतका मोठा केलेला की चेहऱ्याचे नुसते ठिपके झालेले. मी विचारलं, माजी, हे कोण? म्हणाल्या, छोटा भाई. पुढं काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. असंच करा. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर बरोबर चालत राहा. बोलताना 'सत श्री अकाल जी' म्हणा, वयस्कर माणसाला अंकलजी, बाबाजी, बाईला बीबीजी, माजी, हिंदी सगळ्या म्हाताऱ्यांना कळतं, पोरांशी इंग्रजीत बोला. आणि आपण नांदेडचे किंवा पंढरपूरकडचे म्हणून सांगितलंत की चेहरा खुलतो, कारण हजूर साहिबला जाऊन आलेले खूप असतात आणि भगत नामदेवांचे ६१ शबद ग्रंथ साहिबात आहेत हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

आता अवघड भाग, आणि हा मी टाळणार नाही. मोर्चात खलिस्तानचे झेंडे असतात, घोषणा असतात, भिंद्रनवाल्यांचे मोठे फोटो असतात. आणि कधी सुखा-जिंदाचे फोटोही दिसू शकतात. हे दोघं म्हणजे ज्यांनी १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात जनरल अरुण वैद्यांना गोळ्या घातल्या, ब्लू स्टारच्या वेळी वैद्य लष्करप्रमुख होते, आणि ९ ऑक्टोबर १९९२ ला त्या दोघांना येरवड्यात फाशी झाली. मराठी माणसाला तो फोटो बघून पोटात ढवळतं, मलाही ढवळतं, आणि ते ढवळणं बरोबर आहे. वैद्यांचा खून हा खूनच. खलिस्तानी अतिरेक्यांनी बॉम्बनं उडवलेल्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानातली ३२९ माणसं जून १९८५ मधे मेली ती पण कोणाची तरी आईबाप-लेकरंच होती. हे मनात ठेवूनसुद्धा त्या बीबीजींच्या शेजारून चालता येतं, कारण त्यांच्या भावानं कोणाला मारलं नव्हतं. मी काय करतो ते सांगतो: जी घोषणा पटते ती देतो, न्याय द्या, चौकशी करा, 'नेव्हर फर्गेट एटी-फोर', 'बोले सो निहाल' ला 'सत श्री अकाल'. जी पटत नाही तिला गप्प राहतो, आणि अशा फोटोपासून थोडा पुढंमागं होतो. कोणी हातात बोर्ड दिला तर आधी दोन्ही बाजू वाचा, मग धरा, नको असेल तर 'नहीं जी, शुक्रिया' एवढं पुरतं, माझ्यावर तरी कधी कोणी जबरदस्ती केलेली नाही. रस्त्यात उभं राहून वाद घालू नका. वाद घालायचाच असेल तर तो आठवड्यानं चहा पिताना घाला, त्यासाठी ओळख झालेली असते.

स्वतःचा बोर्ड करायचा असेल तर तो पुठ्ठ्यावर, जाड मार्करनं, चारपाच शब्द, लांबून वाचता आला पाहिजे. मराठीत लिहिलात तरी चालेल, देवनागरी बघून लोक थांबून विचारतात आणि तिथूनच गप्पा सुरू होतात.

फोटोचं जरा जपून. समोरून मोर्चाचा काढा, हरकत नाही, पण कोणाचा चेहरा जवळून काढायचा तर विचारून, रडणाऱ्या माणसाचा तर काढूच नका. बऱ्याच जणांना भारतात जायचं असतं, व्हिसा, ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड, गावाकडचे नातेवाईक, त्यांचा चेहरा तुमच्या पोस्टमुळं फिरला तर त्रास त्यांना होईल. तुमचाही भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय असेल तर सोशल मीडियावर काय टाकायचं ते घरी येऊन शांतपणे ठरवा, मोर्चातून लाइव्ह करायची काही गरज नसते.

पोलिसांची भीती बाळगू नका. मेट पोलिस दोन्ही बाजूंनी चालत असतात, फिक्या निळ्या जाकिटातले असतात ते लोकांशी बोलायलाच नेमलेले असतात, रस्ता विचारा, हरवलेलं पोर सांगा. अमृतधारी म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांकडे किरपाण म्हणजे छोटी कट्यार असते, ती धर्माचा भाग म्हणून इथल्या कायद्यात मान्य आहे, बघून दचकू नका. पिवळ्या जाकिटातले सेवादार सांगतील तसं चालायचं, थांबा म्हटलं की थांबायचं.

खायचं-प्यायचं फार नेऊ नका. वारीत जसं गावोगाव कोणी ना कोणी पाणी आणि पिठलं-भाकरी घेऊन उभं असतं तसंच इथं, व्हॅनच्या मागून पाण्याच्या बाटल्या, केळी, रोटी-भाजीचे रोल, आणि छबील, म्हणजे थंड दुधात गुलाबाचं सरबत, ते गुरु अर्जनदेवांच्या आठवणीत देतात. नाही म्हणू नका, दोन्ही हातांनी घ्या. नंतर ग्लास, बाटली रस्त्यावर टाकू नका, मागून कॉलेजची पोरं काळ्या पिशव्या घेऊन कचरा उचलत येतात, अर्धा तास त्यांच्याबरोबर उचललात तर भाषणं ऐकण्यापेक्षा जास्त ओळखी होतील. लहान मुलं असतील तर त्यांच्या हातावर पेनानं तुमचा फोन नंबर लिहा, आणि बाथरूम हाइड पार्कातच उरकून घ्या, मधे मिळत नाही.

काही जणांना मोर्चात चालणं जमत नाही, तब्येतीमुळं किंवा मनाला पटत नाही म्हणून, त्यांनी थेट ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या पायऱ्यांवर येऊन ऐकत बसावं, किंवा त्या आठवड्यात गुरुद्वाऱ्यात जाऊन कीर्तन ऐकावं. कॅनडातल्या नातेवाईकांना सांगा की तिकडे १९९९ पासून शीख लोक १९८४ च्या स्मरणात रक्तदान मोहीम चालवतात, तीही फार चांगली गोष्ट आहे.

आणि कोणाला आपल्या गावात असं काही काढायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की इंग्लंडमधे पब्लिक ऑर्डर ॲक्ट १९८६ प्रमाणे मोर्चाची लेखी सूचना पोलिसांना किमान सहा दिवस आधी द्यावी लागते, तारीख, वेळ, रस्ता, आयोजकाचं नाव-पत्ता सगळं. बाग किंवा चौक वापरायचा तर तिथल्या मालकाची परवानगी वेगळी, हाइड पार्कला रॉयल पार्क्स, ट्रॅफल्गर स्क्वेअरला ग्रेटर लंडन अथॉरिटी. हे काम सहा दिवसांत होत नाही, काही महिने आधी लागा.

शेवटचं, कोचनं आलेल्यांसाठी. कोच सकाळी एकीकडे उतरवतो आणि संध्याकाळी दुसरीकडून घेतो, तेव्हा उतरतानाच ड्रायव्हरचा फोन नंबर, गाडीचा नंबर आणि कुठं उभा राहणार ते कागदावर लिहून घ्या, फोनमधे नको, चार वाजेपर्यंत बॅटरी संपलेली असते. बरोबर म्हातारं माणूस असेल तर सभा संपायच्या वीस मिनिटं आधीच निघा, कारण संपली की सगळे एकदम चेरिंग क्रॉसच्या जिन्याकडे जातात.