हॅल्सबरीची सूची आणि गिरगावातला गाळा

वकिली सुरू केली त्या पहिल्याच महिन्यात सरांनी एक ब्रीफ, म्हणजे खटल्याची कागदपत्रं, पुढे ठेवलं. गिरगावातल्या दुकानगाळ्याचा वाद, धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चाललेला. मालक म्हणतो लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती वापरायची परवानगी; आत बसलेला म्हणतो मी भाडेकरू. "दोन्हींतला फरक काढून आण," एवढंच सर म्हणाले.

मी फोर्टमधल्या ग्रंथालयात जाऊन हॅल्सबरीज लॉज ऑफ इंग्लंड या इंग्लंडच्या कायद्याच्या अनेक खंडी कोशाचा 'लँडलॉर्ड अँड टेनंट' (मालक आणि भाडेकरू) हा खंड काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. तीन तासांत वही भरली, हाती काही लागलं नाही.

हा ग्रंथ सलग वाचायचा नसतो. पहिली आवृत्ती १९०७ साली सुरू झाली तेव्हापासून त्याची रचना एकच आहे: सगळा कायदा विषयांत वाटलेला, विषय अक्षरक्रमाने. त्यामुळे सुरुवात सूचीपासून करा. आणि सूचीच्याही आधी कोऱ्या कागदावर अशिलाची हकीकत उतरवा. किल्ली कोणाकडे असते? मालक वाटेल तेव्हा आत येऊ शकतो का? पैसे कशाचे म्हणून घेतले, मुदत किती? सूचीत शोधायचे शब्द या उत्तरांतून मिळतात. मी 'गाळा', 'दुकान' शोधत होते. शोधायला हवं होतं 'एक्सक्लुझिव्ह पझेशन', म्हणजे स्वतंत्र ताबा. एका शब्दाखाली नाही सापडलं तर त्याच अर्थाचे आणखी चार शब्द पाहा.

सूचीतल्या नोंदीत खंडाचा क्रमांक असतो आणि त्यापुढे परिच्छेदाचा. नवखे तो पानाचा समजतात आणि भलतीकडेच जातात. परिच्छेद सापडला की वरचा मजकूर एकदा वाचा, पण वेळ द्या तो तळटिपांना. निवाडे आणि कलमं तिथेच असतात.

मग पुरवणी. ही पायरी गाळू नका, कितीही घाई असो. प्रत्येक खंडात सांगितलेलं असतं की कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा दिला आहे. त्यानंतर काय बदललं ते वार्षिक पुरवणीत त्याच खंड-परिच्छेद क्रमांकाखाली मिळतं, आणि त्याच्याही पुढचं सुट्या पानांच्या फाइलमध्ये.

माझी खरी चूक मात्र इथे नव्हती. पुरवणी पाहून मी टिपण दिलं: स्वतंत्र ताबा असेल, मुदत आणि भाडं ठरलेलं असेल, तर कागदावर लायसन्स लिहिलं तरी तो भाडेकरूच. आधार होता स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड, हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय), १९८५. आठवड्याला ३७ पौंडांवर दिलेल्या खोल्या. सरांनी विचारलं, "आणि आपल्याकडे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे मोजमाप वेगळं आहे. लायसन्सची व्याख्या १८८२ च्या ईझमेंट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, भाडेपट्ट्याची त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर (ऑल इंडिया रिपोर्टर, म्हणजे एआयआर १९५९ एससी १२६२) या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात पक्षकारांचा खरा हेतू काय, हे पाहायला सांगितलं आहे. स्वतंत्र ताबा हा भाडेपट्ट्याकडे झुकणारा पुरावा, पण इतर परिस्थिती तो खोडून काढू शकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा आपल्यावर बंधनकारक. इंग्लंडचा निवाडा फार तर पटवून देण्यापुरता. भारताच्या कायद्यावरचा हॅल्सबरी वेगळा आहे, तो आधी घ्या, पण निवाडा मूळ रिपोर्टरमध्ये, म्हणजे छापील निवाडासंग्रहात, पूर्ण वाचल्याशिवाय कोर्टात उद्धृत करू नका.

मुंबईत आणखी एक पदर येतो, जो इंग्लंडच्या खंडात कधीच सापडणार नाही. मुंबई भाडे कायद्याच्या कलम १५अ ने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर ताब्यात असलेल्यांना भाडेकरू मानलं. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं. म्हणजे 'गाळा कधी दिला?' हा प्रश्न माझ्या कागदावर सगळ्यात वर हवा होता, आणि तोच मी अशिलाला विचारला नव्हता.

दुसरं टिपण त्या प्रश्नापासून सुरू केलं. आता प्रत्येक टिपणाखाली चार गोष्टी लिहिते: आवृत्ती, खंड, परिच्छेद आणि पुरवणी कुठल्या तारखेपर्यंत पाहिली. माझ्या ज्युनिअरच्या टिपणात चौथी नसेल तर मी ते वाचायच्या आधीच परत देते.