नॅचेझला जाताय? हवेल्या शेवटी बघा
अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सहून गाडीने साधारण तीन तासांवर, मिसिसिपी नदीच्या उंच काठावर नॅचेझ हे छोटंसं शहर आहे. पाहुणे तिथे थेट कापूस बागायतदारांच्या हवेल्यांकडे वळतात. तुम्ही क्रम उलटा ठेवा.

सकाळी आधी सेंट कॅथरीन स्ट्रीटच्या टोकाला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ला जा. 1863 पर्यंत इथे गुलाम म्हणून माणसं विकण्याचा बाजार भरायचा. न्यू ऑर्लिन्सखालोखाल त्या भागातला सगळ्यात मोठा. आता बघायला फारसं काही नाही, माहितीफलक आणि सिमेंटमध्ये रोवलेल्या बेड्या, बस्स. पण घाई करू नका.

मग स्टेट स्ट्रीटवरचं विल्यम जॉन्सनचं घर. गुलामीत जन्मलेला, पुढे मुक्त झालेला हा न्हावी 1835 ते 1851 रोजनिशी लिहीत होता; आणि गंमत म्हणा की विसंगती, त्याच्याकडेही गुलाम होते.

त्यानंतर अष्टकोनी ‘लाँगवुड’ ही अर्धवट राहिलेली हवेली बघा. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, कारागीर बांधकाम सोडून निघून गेले. वरचे मजले आजही नुसत्या विटा-लाकडाचे आहेत. सजवलेल्या दिवाणखान्यांपेक्षा मला हा सांगाडाच जास्त बोलका वाटतो.