जिप्सीचं स्टिअरिंग ढिलं झालंय? बॉक्सच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

जुन्या जिप्सीचं स्टिअरिंग ढिलं वाटायला लागलं की गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो स्टिअरिंग बॉक्सवरच्या त्या एका स्क्रूकडे. अर्धा आटा आवळला की व्हील हाताला घट्ट लागतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. माझ्या १९९९च्या जिप्सी किंगवर हा प्रयोग झालेला आहे. कागलजवळ हायवेवर पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली आणि साठच्या वेगात पुढची चाकं अशी नाचायला लागली की डॅशबोर्डवरचा चष्मा खाली पडला. मिस्त्रींनी स्क्रू आवळून दिला. दुसऱ्या दिवशी करूळ घाट उतरताना वळण संपलं तरी स्टिअरिंग सरळ यायला तयार नाही, दर वळणाला ओढून आणावं लागत होतं. परत येताना हायवेवर चाकं पुन्हा नाचलीच. दोष होता डाव्या किंगपिनच्या (चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्या) बेअरिंगमध्ये.

म्हणून तपासणी चाकाकडून वर करायची आणि बॉक्स शेवटी बघायचा. जिप्सी १९८५ साली आली आणि विक्री थांबेपर्यंत तिची बैठक तीच राहिली: पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग). स्टिअरिंग व्हीलपासून निघालेली हालचाल शाफ्टवरून रबरी कपलिंगमध्ये, तिथून बॉक्समध्ये, मग पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा आर्म), ड्रॅग लिंक (तो आर्म चाकाशी जोडणारा दांडा), नकल (चाकासकट वळणारा भाग) आणि टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) यांतून दुसऱ्या चाकाला पोचते. यातल्या प्रत्येक सांध्याने केसभर प्ले (मोकळी हालचाल) दिला तरी व्हीलवर त्याची गोळाबेरीज दोन-तीन बोटं होते. महिंद्राच्या जुन्या पाट्यांच्या जीपलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी तक्रार नीट ओळखा

‘स्टिअरिंग खराब आहे’ या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात. व्हील हलवलं तरी चाक हलत नाही, हा झाला ढिलेपणा. सरळ रस्त्यावर गाडी आपोआप इकडेतिकडे भटकते, हा दुसरा. ठरावीक वेगाला किंवा खड्ड्यानंतर चाकं नाचतात, हा तिसरा. ब्रेक मारला किंवा पाय काढला की गाडी एका बाजूला ओढते, हा चौथा. पहिल्याचं मूळ बहुधा सांध्यांत सापडतं. तिसऱ्यात किंगपिन, व्हील बेअरिंग आणि टायर बघायचे. दुसऱ्या आणि चौथ्यात पाट्यांचे बुश (सांध्यातली रबरं) आणि यू-बोल्टसुद्धा (पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे बोल्ट) संशयित असतात.

गाडीखाली शिरण्याआधी चारही टायरची हवा थंड असताना मोजा आणि पुढच्या टायरवरून तळवा फिरवा. आतून बाहेर फिरवताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना करवतीसारखं लागलं, किंवा त्याच्या उलट, तर टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असण्याचं माप) बिघडलंय. जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंगकडे बोट जातं. कडक झालेले जुने टायर आणि वाकडी रिम चाकं नाचवू शकतात. पण एक लक्षात ठेवा, बॅलन्सिंग बिघडलं म्हणून थरथर सुरू होते. ती वाढत जाऊन हातातून व्हील ओढून घेते ती झिजलेल्या सांध्यामुळे. नुसतं बॅलन्सिंग केलं की आजार महिनाभर दबून राहतो, एवढंच.

प्ले मोजा

चाकं सरळ ठेवून गाडी सपाट जागी उभी करा. व्हीलच्या कडेला खडूची खूण करा, समोर डॅशवर एक तार किंवा पेन्सिल चिकटवा. चाक हलायला लागेपर्यंत व्हील डावीकडे, मग उजवीकडे, एका बोटाने हळूच ढकला. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये व्हीलच्या कडेवर १० ते ३० मिलिमीटर प्ले चालतो. म्हणजे पंचवीस मिलिमीटर आले तर घाबरायचं कारण नाही. नव्या मोटारीतून उतरून जिप्सीत बसणाऱ्याला तो नेहमीच जास्त वाटतो. आकडा वहीत लिहून ठेवा.

एक माणूस वर, एक खाली

हे काम एकट्याने होत नाही. चाकं जमिनीवरच राहू द्या, कारण सांध्यावर वजन असतानाच त्याचा खरा प्ले दिसतो. इंजिन बंद, स्टिअरिंग लॉक उघडं, मागच्या चाकांना दगड. वरच्या माणसाने व्हील घड्याळाच्या लोलकासारखं थोडं थोडं डावी-उजवी हलवत राहायचं. जोरात फिरवायचं नाही. तुम्ही खाली पडून सांध्यासांध्यावर बोटं ठेवत जा. अंगठा एका भागावर, तर्जनी त्याला जोडलेल्या दुसऱ्या भागावर. दोघांमध्ये फरक पडला की बोटांना तो डोळ्यांच्या आधी कळतो.

मी शेजारच्या पोराला वर बसवलं होतं. थोड्या वेळाने जागा बदलली तर तो खालून ओरडला, “काका, हितं टक्‌टक्‌ होतंय बघा!” बोट होतं ड्रॅग लिंकच्या एंडवर, म्हणजे टोकाच्या बॉल जॉइंटवर. रबरी टोपी फाटून आत चिखल गेला होता. मी त्याच एंडवर दोनदा टॉर्च मारून पुढे गेलो होतो.

क्रम असा ठेवा: शाफ्टची रबरी कपलिंग आणि तिचे बोल्ट, मग बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट, पिटमन आर्म, ड्रॅग लिंकचे दोन एंड, टायरॉडचे दोन एंड. कपलिंगचं रबर तडकलेलं असेल तर वरचा शाफ्ट फिरतो आणि खालचा थोडा उशिरा फिरतो. बॉक्स मात्र नुसता हाताने हलवून बघू नका. व्हील हलत असताना तो चॅसीवर हलतो का ते बघा. ऑफरोडला मार खाल्लेल्या गाडीत बॉक्सच्या आसपास चॅसीलाच तडा गेलेला असू शकतो. ती जागा वायरब्रशने घासूनच बघायची, चिखलाखाली तडा दिसत नाही.

नवशिक्यांची इथे एक ठरलेली चूक होते. टायरॉड हाताने पिळला की तो स्वतःभोवती थोडा गोल फिरतो. तो प्ले नव्हे, बॉल जॉइंटचं ते कामच आहे. दोष तेव्हा म्हणायचा जेव्हा एंड वर-खाली किंवा पुढे-मागे हलतो.

चाक उचला: बेअरिंग की किंगपिन?

जॅक अ‍ॅक्सलखाली लावा, लगेच स्टँड द्या आणि मगच हात घाला. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, “दोन मिनिटांचं तर काम” असं कुणी कितीही म्हटलं तरी.

चाक घड्याळ समजा. हात बारा आणि सहावर ठेवून वरचा हात आत ढकला, खालचा बाहेर ओढा. हललं? आता वरच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब नकलला बांधलं जातं, त्यामुळे प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. प्ले तसाच राहिला तर किंगपिनचा. या एका युक्तीने निम्मे वाद मिटतात. त्यानंतर हात नऊ आणि तीनवर. बारा-सहाला चाक घट्ट आणि फक्त इथे हलतंय, तर टायरॉडचे एंड पुन्हा तपासा.

जिप्सीच्या नकलमध्ये वर एक आणि खाली एक अशी किंगपिनची दोन टेपर बेअरिंगं असतात, आणि ती किती दाबून बसतील ते शिमवर (पातळ चकत्यांवर) ठरतं. शिम कमी केल्या की दाब वाढतो. गाडीचं जवळपास सगळं आयुष्य सरळ रस्त्यावर जात असल्याने रोलर कपमध्ये (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) एकाच जागी ठोके देत राहतात आणि तिथे बारीक रेघा पडतात. माझ्या गाडीचा खालचा कप काढला तेव्हा डोळ्याला काही दिसेना, नख फिरवलं तर कंगव्यावरून फिरवल्यासारखं खर्र लागलं. अशा बेअरिंगच्या शिम कमी करून भागत नाही. सरळ स्थितीत ते खाचेत बसतं आणि वळवताना अडतं. सेटच बदलायचा.

नवी बेअरिंगं बसवल्यावर दाब ‘हाताला बरा वाटतो’ यावर सोडू नका. टायरॉड आणि ड्रॅग लिंक सोडवलेली, नकलचं बाहेरचं सील काढलेलं, अशा स्थितीत टायरॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून नकल फिरायला किती ओढ लागते ते बघायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा यासाठी चालतो. ढिला ठेवला तर चाकं नाचतात, फार आवळला तर स्टिअरिंग परत येत नाही.

नकलच्या गोळ्यावर बाहेरून ग्रीस गळत असेल तर ते बघून पुसून टाकू नका. ग्रीस पातळ, काळं आणि वासाला गेअर ऑइलसारखं आलं तर अ‍ॅक्सलचं आतलं सील गेलंय. किंगपिनचं काम काढलंच आहे तर ते त्याच वेळी बदला, नाहीतर महिन्याभरात तेच सगळं पुन्हा उघडावं लागेल.

पाटे, बुश, शॅकल

इथे भटकण्याचं मूळ सापडतं. चाकं जमिनीवर, टॉमी (लोखंडी पहार) पाट्याच्या डोळ्यात आणि हँगरच्या मधे घालून हळूच ताण द्या. रबरी बुश दबून परत यायला हवा. बोल्ट भोकात फिरतोय किंवा रबर भुसभुशीत होऊन बाहेर आलंय तर बदला. हलणाऱ्या सांध्याभोवती लाल गंजाची भुकटी साठते, किंवा घासून लोखंड चकचकीत होतं. यू-बोल्टजवळ अशी चकाकी दिसली की पाटा अ‍ॅक्सलवर सरकतोय असं समजा.

सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) तुटला असेल तर अ‍ॅक्सल मागे-पुढे सरकून गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. ओळखायला टेप पुरे. चाकं सरळ करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर आहे. आकडा तंतोतंत तोच येईल असं नाही, पण दोन्ही बाजू आपसांत जुळायला हव्यात. उंची वाढवायला कुणी लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावले असतील तर कॅस्टरचा (किंगपिन मागे झुकण्याचा) कोनही बदललेला असतो. अशा गाडीत सगळे पार्ट नवे घातले तरी हायवेवर ती हलकी-हलकी वाटू शकते.

शॉकअप

बॉनेट दाबून सोडायची आणि गाडी किती हिंदकळते ते मोजायचं, ही चाचणी पाट्यांच्या गाडीत फसवी आहे. पाटे एकमेकांवर घासूनच हिंदकळणं मारतात, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. खालचा बोल्ट सोडून हाताने दाबा-ओढा. दोन्ही दिशांना मधे न तुटणारा जड विरोध हवा. मधेच पोकळ जागा लागली किंवा तेल गळून धूळ चिकटलेली दिसली तर तो गेला. स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअप) असेल तर त्यालाही हेच. नवा डँपर लावून चाकांचं नाचणं थांबवणं म्हणजे दुखणाऱ्या दातावर लवंग ठेवणं.

आता बॉक्स

वरचं सगळं घट्ट असूनही पिटमन आर्म उशिरा हलत असेल तरच बॉक्सचा स्क्रू. आधी तेलाची पातळी आणि सीलची गळती बघा. स्क्रू लावताना चाकं अगदी सरळ हवीत. बॉक्स मधोमध सर्वांत घट्ट बसेल असा बनवलेला असतो आणि झिजतोही तिथेच. मधला प्ले संपवायला जास्त आवळलं की कडेला तो अडकतो, माझ्याबाबतीत घाटात झालं ते हेच. आधी स्क्रूवर आणि झाकणावर पांढरी खूण करा, पाव आट्याच्या आत बदल करा, लॉकनट आवळा आणि चाकं उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. कुठेही जड लागलं तर मागे या.

एंड बदलताना एका बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरून अनेकांनी पाने वाकवले आहेत. जुना काढण्यापूर्वी किती आटे बाहेर आहेत ते मोजा. एंड निघत नसेल तर त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नका; आर्मच्या डोळ्यामागे एक जड हातोडा टेकवून समोरून दुसऱ्याने ठोका द्या, सुटतो. नवा नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर थोडा आणखी आवळा, सैल करून जुळवू नका. त्यानंतर टो-इन करून घ्या. यू-बोल्ट उघडले असतील तर काही दिवस गाडी चालवून पुन्हा आवळा.

आणि हे सगळं होईपर्यंत रस्त्यात चाकं नाचलीच, तर करकचून ब्रेक मारू नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, व्हील दोन्ही हातांनी धरा पण त्याच्याशी भांडू नका, वेग उतरला की थरथर जाते. मग बाजूला घ्या.

माझ्या गाडीत किंगपिनचे दोन्ही सेट आणि ड्रॅग लिंकचा तो एक एंड बदलला, आणि बॉक्सचा स्क्रू परत अर्धा आटा सैल केला. व्हीलवरचा प्ले आज २५ मिलिमीटर आहे. कागलच्या त्याच पुलाच्या सांध्यावरून नंतर अनेकदा गेलो. चष्मा अजून डॅशबोर्डवरच ठेवतो.