चौदा टेक आणि एक गाणं : कॉम्पिंग शिकताना माझं काय काय चुकलं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत घराच्या वरच्या खोलीत माझा छोटा रेकॉर्डिंगचा सेटअप आहे, वर पत्रा, भिंतीला जुन्या गाद्या, एक माइक. भावगीतं, अभंग, मंडळांची गणपतीची गाणी, कधी पोवाडा असलं काम येतं. नवीन पोरं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, दादा गाण्यातल्या तुकड्यांची जोड कळू नये म्हणून कुठला प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये वरून घालायचं टूल) लावता? कुठलाच नाही रे बाबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉम्पिंग म्हणजे एकच गाणं पाच-सहा वेळा गाऊन घ्यायचं (दर वेळचं रेकॉर्डिंग म्हणजे एक टेक) आणि प्रत्येक टेकमधल्या चांगल्या ओळी उचलून एक सलग ट्रॅक करायचा. रीपर, क्यूबेस, लॉजिक असल्या सगळ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टेक एकाखाली एक दिसतात, हवा तो तुकडा निवडायचा. सॉफ्टवेअर दोन दिवसांत येतं, रीपर तर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, त्यात अडकू नका.

माझं पहिलं मोठं काम एका ताईंचं भावगीत होतं. चौदा टेक घेतले, आणि मी शहाणा, शब्द न शब्द तपासून प्रत्येक शब्दाचा बेस्ट टेक लावला, रात्रीचे तीन वाजले. सूर पक्का, उच्चार स्वच्छ. ताईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हे मी कधी गायले रे?" खरंच होतं त्यांचं. पहिल्या टेकला आवाज गार असतो, तिसऱ्या-चौथ्याला गळा तापतो, दहाव्यानंतर दमतो, आणि मी एका ओळीत हे तिन्ही गळे बसवले होते. तेव्हापासून आधी सगळे टेक डोळे मिटून सलग ऐकतो, ज्यात भाव बरा आहे तो एक टेक पाया म्हणून धरतो, मग त्याला भले दोन ठिकाणी सूर कमी का असेना. बदलायचं ते फक्त जे खटकतं तेवढंच, आणि शक्यतो अख्खी ओळ. पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर नीट करणं) वगैरे जोडाजोड झाल्यावर, आधी नाही, नाहीतर जे टाकून द्यायचंय त्याच्यावर तासभर घालवाल.

जोड बिघडते ती माइकसमोरच. गायक दुसऱ्या टेकला वीतभर लांब आणि पाचव्याला चार बोटांवर असला की जवळच्या टेकमध्ये खर्ज फुगतो, दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की दोन माणसं गातायत असं वाटतं. मी फरशीवर चिकटपट्टी लावतो, पाय तिथंच. पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी माइकपुढची जाळी) एकदा लावला की हलवायचा नाही. आणि आमचा कोल्हापूरचा जुलै म्हणजे काय विचारू नका, टेक दोनला पत्र्यावर धो धो, टेक पाचला उघडीप, जोड लावली की शब्दाच्या मधोमध पाऊस थांबतो! आता पावसात घेतलेले टेक पावसातल्याच टेकला जोडतो, किंवा सरळ चहा पीत बसतो. शिवाय प्रत्येक सेशनला अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घेऊन ठेवा, फॅन बंद, कुणी बोलायचं नाही, मधल्या रिकाम्या जागा भरायला तोच लागतो.

कापायचं कुठं? क, त, ट, प म्हणताना तोंड क्षणभर बंद होतं, तिथं बारीकशी शांतता असते, त्या जागेवर कापलं की कुणाच्या बापाला कळत नाही. स आणि श च्या फुसकाऱ्यातही जोड लपते. आकारात, मींडेत (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना), खुल्या स्वरावर मात्र हात लावू नका, "आला आणि" असलं काही आलं की दोन्ही शब्द एकाच टेकचे घ्या. श्वास पुढच्या ओळीचा असतो, म्हणून ओळ बदलली की तिचा श्वास तिच्यासोबत आणायचा, नाहीतर दोन श्वास पाठोपाठ ऐकू येतात, माणूस धाप लागल्यासारखा गातो. सगळे श्वास उडवणं हा तर गुन्हाच, गाणं गुदमरतं.

जोडावर छोटा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढत येणं) हवाच, नाहीतर टिक वाजते. किती छोटा? जुन्या काळी टेप ब्लेडने तिरकी कापून चिकटवायचे, पाव इंची टेप ४५ अंशात कापली आणि सेकंदाला १५ इंच वेगाने चालवली की तो तिरका जोड साधारण १७ मिलिसेकंदांचा होतो. मीही १० ते २० च्या आसपासच राहतो. दोन वेगळे टेक असतील तर इक्वल पॉवर फेड (मधे आवाजाची ताकद सारखी ठेवणारा) लावा, साध्या सरळ रेषेच्या फेडमध्ये मधेच आवाज खचतो.

पोवाड्यात हे सगळं कोलमडतं, कारण शाहिराच्या माइकमध्ये डफ शिरलेला असतो, तुकडा कापला की डफाची घुमक अर्ध्यात तुटते. तिथं कडव्याच्या शेवटी, झीलकऱ्यांनी (मागे साथ गाणाऱ्यांनी) जी जी धरायच्या आधी, सगळेच थांबतात तिथंच काय ती संधी. आणि ख्याल गाणारा आला तर मी कॉम्पिंगचं नावच काढत नाही, दर आवर्तनाला बढत वेगळी, समेवर येणं वेगळं, काय कशाला जोडणार? शेवटी हे ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, ऐकणारे कान तयार आहेत, लगेच पकडतात.

गायकाला एडिट करताना शेजारी बसवू नका, स्क्रीन तर दाखवूच नका. एकदा जोडांच्या रेघा दिसल्या की त्यांना प्रत्येक रेघेवर खड्डा ऐकू येतो, नसलेलासुद्धा. संगीतासकट, स्पीकरवर, पूर्ण गाणं ऐकवायचं. आणि एडिटिंगचे पैसे रेकॉर्डिंगपासून वेगळे, आधीच बोलून घ्या, "दोनच ओळी जोडायच्यात भावा" म्हणणाऱ्यांच्या त्या दोन ओळींना माझे चार चार तास गेलेत.